काचेचा पानमळा

आमचा पानमळा घरापासून हाकेच्या अंतरावर होता, आणि तिशीला टेकेपर्यंत मी त्यात एकदाही पाऊल टाकलं नव्हतं.

आम्ही बरई. नागवेलीची पानं पिकवायची हा आमचा पिढ्यांचा धंदा. कारंजा गावाच्या पुढे मोठी सडक सोडून आत वळलं की आमचं गाव, आणि गावाच्या कडेला, ओढ्याला लागून, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या कुडाने चारी बाजूंनी बंद केलेला, वरून गवताने शाकारलेला आमचा मळा. बाबांच्या लेखी ते देवघरच होतं. आंघोळ केल्याशिवाय आत जायचं नाही, जोडे फाटकाबाहेर काढायचे, आणि बाईमाणसाने तर जायचंच नाही. इतर बरयांकडे हा शेवटचा नियम महिन्यातल्या ठरावीक दिवसांपुरता असे. आमच्याकडे तो बारमाही होता.

माझी आई जन्मभर दुपारची भाकर घेऊन त्या फाटकापर्यंत गेली. तिथे एक सपाट दगड होता, त्यावर ती फडक्यात बांधलेली भाकर ठेवायची, एक हाक मारायची आणि परत यायची. आत कसं दिसतं हे लहानपणी मी तिला विचारलं होतं. "मले काय मालूम?" ती म्हणाली आणि चुलीकडे वळली. ज्या वेलीवर तिचा संसार चालला ती वेल मांडवात कशी चढते हे न पाहताच ती गेली. मला याचा राग यायचा. तिला येत नव्हता, याचा जास्त यायचा.

माझं लग्न झालं होतं, पण नांदणं झालं नाही. त्याची कारणं दोन्हीकडच्या लोकांनी आपापल्या सोयीने सांगितलेली आहेत, मी त्यात भर घालत नाही. परत आल्यावर नागपूरला राहून बी.एस्सी. केलं आणि तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. सकाळी मोटारीने जायचं, संध्याकाळी मोटारीने यायचं. घरात मी आणि बाबा. आई गेल्यापासून आमचं बोलणं मीठ, रॉकेल आणि दार लावलं का, एवढ्यावर येऊन ठेपलं होतं. कधी कधी शाळेत फळ्यासमोर उभी राहून मी मुलींना नको तितकं लांबण लावून शिकवायची, कारण घरी गेल्यावर तोंड उघडायची वेळ येणार नाही हे मला ठाऊक असायचं.

अशात त्या वर्षी पौषात थंडीची लाट आली. वऱ्हाडात ऊन किती कडक ते सगळे सांगतात, पण थंडीही इथे कमी नसते. नागवेल हे नाजूक लेकरू. तिला ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही आणि थंडी तर मुळीच नाही. चार पहाटे उत्तरेचा वारा वाहिला आणि मळ्यातली पानं उकळतं पाणी ओतावं तशी काळी पडली. कोपऱ्यातल्या थोड्या ओळी तेवढ्या वाचल्या.

त्या संध्याकाळी बाबा जेवायला बसले आणि कधी नव्हे ते आपणहून बोलले.

"यंदा बेणं नाई लावत मी. जेवढं हाये तेवढं राहू दे. पुढच्या थंडीत गेलं त गेलं."

"काऊन?"

"कोणासाठी लावू? माह्यामागं कोण पायनार हाये?"

मी समोरच बसले होते. हातात भाजीची वाटी होती.

"मी हावो ना, बाबा."

"बाईच्या हातानं नागवेल नाई येत, माय." हे ते रागाने म्हणाले नाहीत. रागाने म्हणाले असते तर मी भांडले तरी असते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माझी धडपड कळायची नाही. नागवेलीला बी नसतं. जुन्या वेलीचा तुकडा लावायचा, तेच बेणं, त्याचीच नवी वेल. म्हणजे माझ्या पणजोबांनी कुठूनशी आणलेली जी वेल होती, तीच ती अजून जगत होती, तुकड्यातुकड्याने, पणजोबांच्या हातून आजोबांच्या आणि आजोबांच्या हातून बाबांच्या. त्या पानाला आधी तिखट आणि मागाहून गोड अशी एक चव होती, बाजारात लोक ते आमच्या नावाने मागायचे. ती एकदा मेली की कोणत्याही दुकानातून परत आणता येणार नव्हती. बाबांनी ती मरू द्यायचं ठरवलं होतं, आणि कारण मी होते. मी मुलगा नव्हते म्हणून.

रडून झाल्यावर मी चहाचा एक रिकामा खोका घेतला.

परदेशात थंड मुलुखात काचेच्या घरात झाडं वाढवतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. चित्रही पाहिलं होतं. पण आपल्याकडच्या उन्हात आणि आपल्याकडच्या थंडीत ते कसं वागेल हे पुस्तकात नव्हतं. तेव्हा आधी नमुना करून पाहायचा असं ठरवलं. खोक्याला आतून माती लिंपली. वर झाकायला काच हवी होती. माझ्या लग्नाच्या फोटोची चौकट रिकामीच पडली होती, तिची काच अगदी बेताची बसली. त्या लग्नाचा माझ्या माहितीतला हा एकच उपयोग. शाळेतून दोन तापमापक मागून आणले, एक आत ठेवला, एक बाहेर टांगला.

शेजारच्या काकू कुंपणावरून बघत होत्या. "मास्तरीणबाई, हे काय करून राह्यल्या वं?"

"नमुना आहे काकू."

"एक घरात होताच की," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी कोणी माझी थट्टा केली होती.

खोका दुपारी असा तापायचा की आत हात ठेववत नसे. आणि पहाटे पाहावं तर आत आणि बाहेर पारा सारखाच. तेव्हा मला कळलं की ऊब मिळवणं अवघड नाही, वऱ्हाडात तर नाहीच. ती राखायची कशात, हा खरा प्रश्न. काच ऊन आत घेते, पण रात्री तीच काच सगळं बाहेर सोडून देते. मधे कोणीतरी दिवसाची ऊब पोटात धरून ठेवणारं हवं आणि अंधार पडल्यावर हळूहळू परत देणारं हवं.

मग मी खोक्यात एकेक वस्तू ठेवून पाहिली. वीट ठेवली, ओढ्यातला गोटा ठेवला, ओल्या मातीचा ढीग ठेवला. थोडा थोडा फरक पडायचा. शेवटी पितळी तांब्यात पाणी भरून ठेवलं, आणि पहाटे आतला पारा बाहेरच्यापेक्षा स्पष्ट वर दिसला. तांब्याला बाहेरून चुलीची काजळी फासली तर आणखी वर. वस्तूंमध्ये पाण्याइतकी ऊब धरणारं दुसरं काही नाही, हे मी दरवर्षी मुलींना शिकवत होते. खरं मात्र मला त्या दिवशी वाटलं.

पाटी घेऊन मी हिशेब मांडला. एवढी काच असेल तर दिवसा किती ऊब येईल, रात्रभरात किती जाईल, आणि ती भरून काढायला पाणी किती लागेल. खोका लहान, म्हणजे पोट कमी आणि अंग जास्त, तो लवकर निवतो. मोठं घर त्यापेक्षा सावकाश निवेल, आणि गुडघाभर खोल खणून बांधलं तर जमीनही मदतीला येईल. हे सगळं मी बाबांना सांगायला गेले. ते ओट्यावर बसून सुतळी वळत होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"खोक्यात झाड लावनार का तू?" ते म्हणाले.

"मोठं बांधीन. मले बेणं द्या."

"बेणं नाई देत."

आभाळ भरून यायच्या सुमाराला बाबांनी उरलेल्या ओळींची छाटणी केली. छाटलेले तुकडे ते दरवर्षी कुडाबाहेर फेकत, त्या सपाट दगडाच्या बाजूला. मी शाळेतून येताना तिथे थांबले. बाबा फाटकात उभे होते. मी तुकड्यांकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं.

"फेकलेलं कोनीबी उचलते," ते म्हणाले आणि आत गेले.

मी ते तुकडे ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणले. परसात लिंबाच्या सावलीत कुंड्या भरून लावले. पावसाळाभर त्यांच्याशी बोलत होते, हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही. दुसरं होतं कोण? बरेचसे गेले, पण जगले त्यांनी दिवाळीपर्यंत कोवळी पानं काढली.

परसात काचेचं घर बांधलं ते आमच्या गावच्या मिस्त्रीने. तो कापसाची सरकी काढायच्या जिनात कामाला होता. जिन बंद पडलं तेव्हा तिथल्या कचेरीच्या जुन्या खिडक्या भंगारात निघाल्या, त्या त्यानेच मला मिळवून दिल्या. काचांच्या कडेच्या लुकणात अजून कापसाचे तंतू चिकटलेले होते. त्या दसऱ्याला तो बायकामुलांना घेऊन नागपूरला जाऊन धर्म बदलून आला होता. घरातले देव ओढ्यात सोडले होते, आणि तेव्हापासून तो माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून बोलत असे.

चौकटी ठोकता ठोकता तो म्हणाला, "बाई, तुमच्या मळ्याचं फाटक मीच बनोलं. पन आत काय हाये ते मले नाई मालूम."

"मलेबी नाई मालूम," मी म्हणाले.

तो थांबला. मग दोघंही हसलो. "मंग इथं कोणी यावं न कोणी येऊ नये, असं काई ठरोलं काय तुमी?"

"नाई ठरोलं."

"असं," तो म्हणाला आणि पुन्हा हातोडी उचलली. एक खिडकी बसवताना हातातून निसटून फुटली. काचा वेचल्या, पण मातीत बारीक तुकडे राहून गेले. मी चपला घालूनच आत वावरायची.

आता पाणी. पाटीवरच्या हिशेबाला पुरेल एवढे पितळी तांबे काय आणि हंडे काय, कुठून आणायचे? मी कुंभाराकडे गेले आणि नवे कोरे माठ आणले. उत्तरेच्या भिंतीला ओळीने मांडले, काठोकाठ भरले. दिसायला झकास दिसत होतं. पाणी ते पाणीच, तांब्यात काय आणि माठात काय, असा माझा विचार. इकडे वेली कुंड्यांतून काढून जमिनीत लावल्या, शेवरीच्या काठ्यांवर चढवल्या, आणि मी थंडीची वाट पाहू लागले.

थंडी आली. पहिल्याच कडक पहाटे कंदील घेऊन गेले तर आतला पारा बाहेरच्याहून जेमतेम वर. दुसऱ्या दिवशीही तेच. कडेच्या वेलीची दोन पानं काळवंडली. खोक्यात जे घडलं ते घरात का घडत नाही, मला कळेना. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात तसं मी आधी मिस्त्रीला दोष दिला. फटी राहिल्या असतील म्हणून घरातला कापूस आणून एकेक फट बुजवली. मग संध्याकाळी काचांवर गोधड्या टाकायला सुरुवात केली, घरातल्या सगळ्या, आईच्या हातच्यासुद्धा. बाबा मागच्या ओट्यावरून पाहत. आपल्याला पांघरायला काय उरलं, एवढंही त्यांनी विचारलं नाही. गोधड्यांनी थोडा फरक पडला, पण पाटीवरच्या हिशेबाने पडायला हवा होता त्याच्या आसपासही नाही.

त्या दिवसांत मला फार एकटं वाटलं. चुकलं हे दिसत होतं आणि कुठे चुकलं हे विचारावं असं एक माणूस जवळ नव्हतं. शाळेतल्या बायका लोकरीच्या टाक्यांबद्दल बोलायच्या. मी पेनच्या टोपणाने टेबलावर आकडे गिरवायची.

रविवारची दुपार होती. काचघरात ऊन भरलं होतं, मी फटी तपासून दमले होते, घाम आला होता. तहान लागली म्हणून हाताशी होता त्या माठात पेला बुडवला आणि प्यायले.

पाणी गार होतं. छान गार, मातीच्या वासाचं, वैशाखात पाहुण्याने कौतुक करावं असं.

मी पेला खाली ठेवला आणि खाली बसले. माठ! पाणी गार करायला जो माठ घ्यायचा, तो मी ऊब साठवायला मांडला होता. नवा माठ पाझरतो, अंगावरचं पाणी वाफ होऊन जातं आणि जाताना ऊब घेऊन जातं, हे आमच्या काकूंच्या नातवालाही ठाऊक असेल. माझे माठ दिवसभर उन्हात बसून पाणी थंड करत होते. ऊब साठवायची सोडून ती उधळत होते. खोक्यातला तांब्या पितळेचा होता, न पाझरणारा, आणि मी नमुन्यातलं पाणी तेवढं मोठ्या घरात आणलं, भांडं विसरले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आठवडाभर मी फटी शोधत होते, आणि चूक ओळीने मांडून, काठोकाठ भरून ठेवलेली होती.

मी मोठ्याने हसले. हसता हसता दाराकडे पाहिलं, कोणाला तरी सांगावं म्हणून. दारात कोणी नव्हतं. मग हसू तसंच विरलं. एवढी गंमतीची गोष्ट, आणि सांगायला माणूस नाही, याचं दुःख चुकीच्या दुःखापेक्षा मोठं होतं.

सडकेवर ट्रकवाले थांबत त्या हॉटेलांमागे तेलाचे रिकामे पिपे पडलेले असायचे. मिस्त्रीने ते बैलगाडीतून आणून दिले. मी चुलीची काजळी अळशीच्या तेलात कालवून त्यांना बाहेरून फासली. माठांच्या जागी पिपे मांडले आणि पाण्याने भरले. काकू म्हणाल्या, "तोंड तरी धुऊन घे माय, पिप्यापेक्षा तूच काळी झाली." दुपारी त्या पिप्यांना हात लावावा तर चांगले गरम लागायचे, आणि पहाटे ते कोमट असायचे. आतला पारा वर राहिला. पाटीवरच्या आकड्याला अगदी तंतोतंत जुळला नाही, पण वेलीला पुरेसा होता.

पौष सरता सरता पुन्हा तीच लाट आली, आदल्या वर्षीसारखी. दिवसभर वारा बोचत होता. शाळेतून आले तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते, हात गुडघ्यांवर उताणे टाकून. मला विचारायची गरज नव्हती. मळ्यातल्या उरलेल्या ओळी गेल्या होत्या.

"गेली," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी बसले. सांगावंसं वाटलं की सगळी नाही गेली. पण त्या वेळी ते सांगणं म्हणजे जिंकल्याचा डंका पिटण्यासारखं झालं असतं, आणि मी जिंकायला निघाले नव्हते. मला ती वेल हवी होती, आणि तिच्यासोबत तेही हवे होते. मी उठून ताटं वाढली.

सकाळी उठले तर बाबांचं अंथरूण रिकामं. सवयीने मळ्याकडे गेले असतील, असं वाटलं. न्हाणीत दगड ओला होता, एवढ्या थंडीत त्यांनी आंघोळ केली होती. मी शाल गुंडाळून पारा पाहायला परसात गेले. काचा आतून दवाने पांढऱ्या झाल्या होत्या, आतलं काही दिसत नव्हतं.

दाराबाहेर बाबांचे जोडे होते. मळ्याच्या फाटकाशी ठेवत तसेच, एकाला एक लावून.

मी दार ढकललं. बाबा आत उभे होते, ओल्या केसांनी, अनवाणी. एका वेलीचं पान त्यांनी खुडलं होतं. ते त्यांनी हुंगलं, दातांनी अर्धं तोडलं, आणि डोळे मिटून सावकाश चावत राहिले. आधी तिखट, मग गोड. ते गोड येईपर्यंत मी श्वास धरून उभी होते.

"आपलंच हाये," ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी त्यांच्या पायांकडे लक्ष गेलं. "बाबा, जोडे घाला. इथं मातीत काचा हायेत, पाय कापन."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही भलतंच बोलले. "मळ्यात कोनी जोडे घालते काय वं?"

मी खाली पाहिलं. माझ्या पायांत चपला होत्या. ते घर बांधल्या दिवसापासून मी त्यात चपला घालूनच फिरत होते. त्याला मळा म्हणायचं मला कधी सुचलंच नव्हतं. मळ्यात कसं जायचं असतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं, कारण मी कधी जाणारच नव्हते.

मी बाहेर आले. चपला काढल्या, त्यांच्या जोड्यांशेजारी ठेवल्या. क्षणभर आई आठवली, तो दगड आठवला. मग मी पुन्हा आत पाऊल टाकलं. बाहेर परसातली माती बर्फासारखी होती. आत पायाखाली जमीन कोमट होती.